खेळू द्यावे की थांबवावे? पुण्यातील एका क्रीडा-फिजिओथेरपी केंद्रातील चाचणीचा अनुभव

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडू पुन्हा स्पर्धेत उतरण्यास तयार आहे की नाही, हे तपासणारी ‘खेळात परतण्याची चाचणी’ पुण्यातील काही क्रीडा-फिजिओथेरपी केंद्रांत आता घेतली जाते. त्यांपैकी एका केंद्रात आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातील एका खेळाडूला घेऊन मी गेल्या वर्षी दोनदा गेलो. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण त्यावरून त्या मुलीची ओळख पटणे अवघड नाही आणि तिच्या गुडघ्याची माहिती ही तिची स्वतःची आहे. मी महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक असून संघाचा प्रशिक्षकही मीच आहे. म्हणजे ती लवकरात लवकर मैदानात यावी असे वाटणाऱ्यांत माझाच पहिला क्रमांक होता, ही गोष्ट हा अभिप्राय वाचताना ध्यानात ठेवावी.

दुखापत डिसेंबरमध्ये, सरावाच्या वेळी झाली. रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून परतलेला चेंडू, घेऊन खाली येताना तिचा डावा गुडघा आत वळला. कोणाचा धक्का नव्हता, कोणी पायात आले नव्हते. पण मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असूनही ‘टक्’ असा आवाज मला ऐकू आला. एमआरआयमध्ये गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा), ज्याला सर्व खेळाडू एसीएल म्हणूनच ओळखतात, पूर्ण तुटल्याचे दिसले. बास्केटबॉलमध्ये हा अस्थिबंध बहुधा असाच, उडीनंतर उतरताना किंवा धावता धावता अचानक दिशा बदलताना तुटतो आणि मुलींमध्ये त्याचा धोका मुलांपेक्षा बराच अधिक असतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. तिच्याच मांडीमागचा, हॅमस्ट्रिंगचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून त्याचा नवा अस्थिबंध बसवण्यात आला.

सहा महिने झाल्यावर, जुलैमध्ये, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती तेथे आम्ही दाखवायला गेलो. दीड तास रांगेत बसल्यावर आत बोलावणे आले, गुडघा दोनदा पुढे ओढून पाहिला गेला, एकदा वाकवून पाहिला गेला आणि ‘खेळण्यास योग्य’ असे प्रमाणपत्र हातात पडले. या सगळ्याला चार मिनिटेही लागली नसावीत. अस्थिबंध जागेवर आहे आणि घट्ट आहे, एवढेच त्या तपासणीतून कळू शकते. त्या पायात ताकद किती आली आहे, उडीनंतर तो पाय शरीराचा भार घेतो की टाळतो, याचा त्यातून काहीही पत्ता लागत नाही. तरीही मी ते प्रमाणपत्र फाइलला लावले आणि मनात सप्टेंबरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा संघ जुळवू लागलो, हे मान्य करायला हवे. त्या केंद्राचे नाव मला आमच्याच विद्यापीठातील एका सहकाऱ्याने सुचवले आणि ऑगस्टच्या अखेरीस, शस्त्रक्रियेला साडेसात महिने झालेले असताना, आम्ही तेथे गेलो. चाचणी केवळ औपचारिकता ठरेल, अशी माझी समजूत होती.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आम्ही गेलो त्या दिवशी लिफ्ट बंद होती. गुडघ्याच्या रुग्णांना तीन जिने चढवून मग त्यांची ताकद मोजणे हा चाचणीचाच एक भाग असावा, असे मी गमतीने म्हणालो. स्वागतकक्षातील ताईंना ते आवडले नाही. शुल्क पहिल्या चाचणीचे ४,५०० रुपये आणि फेरचाचणीचे ३,००० रुपये होते. पूर्ण चाचणीला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत एकच फिजिओथेरपिस्ट, म्हणजे तेथील मॅडम, आमच्यासोबत होत्या. मध्येच दुसरा रुग्ण घेणे नाही, फोनवर बोलणे नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

सुरुवात खुर्चीसारख्या एका यंत्रावर झाली. खेळाडूला पट्ट्यांनी घट्ट बांधतात, नडगीवर गादी लावतात आणि सेकंदाला ६० अंश अशा ठरावीक वेगाने पाय सरळ करायला लावतात. कितीही जोर लावला तरी यंत्राचा वेग वाढत नाही, त्यामुळे लावलेला सगळा जोर मोजला जातो. मॅडम शेजारी उभ्या राहून “मार, मार, अजून, अजून” असे ओरडत होत्या आणि आमच्या खेळाडूच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पडद्यावर उजव्या पायाची रेघ टेकडीसारखी गोल चढली आणि उतरली. डाव्या पायाची टेकडी बुटकी होती आणि माथ्यावर खचलेली होती. आकडे असे: उजवा पाय १५६ न्यूटन-मीटर, डावा ११७. म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या मांडीत, पुढच्या स्नायूंत, चांगल्या पायाच्या ७५ टक्केच ताकद होती. स्पर्धेत परतण्यासाठी साधारणपणे ९० टक्के अपेक्षित धरतात.

त्यानंतर एका पायावरच्या उड्या झाल्या. जमिनीवर चिकटवलेल्या फूटपट्टीच्या कडेने तिने आधी उजव्या आणि मग डाव्या पायावर लंगडी उडी मारली. उजव्या पायावर १४२ सेंटिमीटर, डाव्यावर १२८. तोंडी हिशेब केल्यावर ९० टक्के भरले आणि माझा जीव भांड्यात पडला. मॅडम मात्र काही न बोलता मोबाइल पुढे करून उभ्या राहिल्या. बाजूने काढलेले ते चित्रण त्यांनी संथ गतीने दाखवले. उजव्या पायावर उतरताना गुडघा स्प्रिंगसारखा खोल वाकत होता. डाव्यावर उतरताना तो जेमतेम वाकत होता आणि ती कंबरेतून पुढे झुकून तोल सांभाळत होती. “सर, ती उडी मारते आहे, पण गुडघा वापरत नाही. सगळे काम कंबर आणि घोटा करत आहेत,” असे मॅडमनी समजावले. अंतर जवळपास सारखे, पण ते अंतर कापण्याची रीत वेगळी. इतकी वर्षे मी खेळाडूंच्या उड्यांची केवळ लांबी आणि उंची मोजत आलो आहे. हे मला त्या दिवसापर्यंत कोणी दाखवले नव्हते.

मग मला खोलीबाहेर जाण्यास सांगण्यात आले. मनाची तयारी जोखणारी बारा प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली असते. पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का, अशा प्रश्नांची उत्तरे खेळाडू स्वतः देतो आणि त्यांवरून शून्य ते शंभर असा गुणांक काढतात. “प्रशिक्षक समोर असताना मुले खरे लिहीत नाहीत,” असे मॅडमनी मला माझ्या तोंडावर सांगितले. मी बाहेर चपलांच्या मांडणीशेजारी बसून राहिलो. जी मुलगी मला महिनाभर “सर, मी एकदम फिट आहे,” असे सांगत होती, तिचा गुणांक ४१ आला होता. हा आकडाही मला मॅडमनी सांगितला नाही. तिची हरकत आहे का, हे त्यांनी आधी तिला विचारले. मग तिनेच कागद माझ्यापुढे सरकवला आणि भिंतीकडे पाहत बसली.

निष्कर्ष स्पष्ट होता: अद्याप स्पर्धेसाठी तयार नाही. मी घासाघीस केली, हे कबूल करतो. “मॅडम, पूर्ण सामना नाही, फक्त पाच-सात मिनिटे उतरवतो,” असे मी म्हणालो. “पहिल्या मिनिटाला उतरली तरी गुडघा हाच असेल ना, सर,” असे उत्तर आले. त्यावर आमच्या खेळाडूने झायन विल्यमसनचे उदाहरण काढले. तेव्हा अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाकडून खेळणारा हा बास्केटबॉलपटू २० फेब्रुवारी २०१९ रोजी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच मिनिटात बूट फाटून गुडघा मुरगळल्याने बाहेर गेला आणि १४ मार्चला परतला, तो १३ पैकी १३ बास्केट आणि २९ गुण करूनच. मुलींच्या मोबाइलमध्ये तो सामना असतोच. पण त्याच्या गुडघ्यातील अस्थिबंध ताणला गेला होता, तुटला नव्हता. दोन्हीला आपण ‘गुडघ्याची दुखापत’ असे एकच नाव देतो म्हणून दोन्हींची मुदत एक होत नाही. मला त्या वेळी आठवला तो अमेरिकेतीलच परड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू रॉबी हमेल. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचा एसीएल तुटला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नव्या हंगामाच्या पहिल्याच अधिकृत सरावात, तोच अस्थिबंध पुन्हा तुटला. पुढचा संपूर्ण हंगाम त्याने बाकावर काढला. त्या दोन दुखापतींमधले अंतर आठ महिन्यांचेही नव्हते आणि आम्ही साडेसात महिन्यांवर उभे होतो.

शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने तरी स्पर्धेत उतरू नये, असे मॅडमचे म्हणणे होते. हा नऊ महिन्यांचा आकडा कोठून आला, हे त्यांनी थोडक्यात सांगितले आणि मी नंतर वाचून काढले. नॉर्वे आणि अमेरिकेतील डेलावेअर येथील संशोधकांनी १०६ रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे मागोवा घेऊन २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. परतणे एकेक महिना लांबवले की पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी होत गेले, आणि हा फायदा नवव्या महिन्यापर्यंत टिकला. चाचणीचे निकष पूर्ण न करता जे परतले त्यांच्यापैकी ३८.२ टक्के लोकांना गुडघ्याची नवी दुखापत झाली. निकष पूर्ण करणाऱ्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. यामागचे कारण समजण्यास कठीण नाही. बसवलेला कंडरा हा उसना असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत तो आणखी कमकुवत होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मग हळूहळू त्याचा अस्थिबंध बनत जातो. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालते. सूज आणि वेदना मात्र तीन-चार महिन्यांत गेलेल्या असतात. दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा आपल्या घराघरांतला हिशेब येथे नेमका फसतो.

आता तक्रारींकडे वळतो. अहवाल अकरा पानांचा होता, रंगीत आलेखांचा होता आणि पूर्णपणे इंग्रजीत होता. मुलीचे वडील जुन्नर तालुक्यात शेती करतात. शस्त्रक्रियेचा खर्च त्यांनीच केला होता आणि त्या दिवशी ते पहाटेच्या एसटीने आले होते. त्यांनी अकराही पाने उलटून पाहिली आणि माझ्याकडे दिली. विचारल्यावर मॅडमनी पाच मिनिटे उत्तम मराठीत समजावून सांगितले, तेव्हा मराठीतून एक पानाचा सारांश देणे त्यांना अशक्य आहे असे मुळीच नाही. खाली चहाच्या टपरीवर वडील मला म्हणाले, “सर, पोरीचं आता तुम्हीच बघा. तुम्ही म्हणाल तसं.” एवढा विश्वास ज्याच्यावर टाकला जातो तो माणूस त्या निर्णयात स्वतः अडकलेला असतो, हे त्यांना कसे सांगावे ते मला कळेना. तिचे पदवीचे शेवटचे वर्ष होते, विद्यापीठाच्या संघात निवड होण्याची शक्यता होती, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्याने प्रमाणपत्रांची बेरीज त्या घरात केव्हापासून चालू होती. एम. कॉम.ला प्रवेश घेतला तर पुढच्या वर्षीही खेळता येईल, हे मी सांगेपर्यंत त्यांच्या लेखी सप्टेंबर ही अखेरची संधी होती.

क्रीडावैद्यकात या निर्णयाचे तीन भाग करतात: इजा झालेला भाग कितपत भरून आला आहे, खेळात त्यावर किती ताण पडणार आहे, आणि एवढा धोका या खेळाडूने या घडीला पत्करावा का. या केंद्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोख दिले, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे दिले आणि तिसऱ्याला हातच घातला नाही. हंगाम, नोकरी, वडिलांचा खर्च, प्रशिक्षकाची घाई हे सगळे तिसऱ्या प्रश्नात येते आणि त्यावर खेळाडू, पालक व फिजिओथेरपिस्ट यांनी एकत्र बसून बोलणे हा सेवेचाच भाग असायला हवा. ते बोलणे टपरीवर झाले आणि ते मलाच करावे लागले. अमेरिकेतील मोठ्या पाच महाविद्यालयीन परिषदांनी २०१६ साली असा नियम केला की, दुखापतग्रस्त खेळाडूला खेळवायचे की नाही याचा अंतिम अधिकार डॉक्टर आणि अॅथलेटिक ट्रेनर (संघातील खेळाडूंच्या दुखापती पाहणारा प्रशिक्षित तज्ज्ञ) यांचा असेल आणि प्रशिक्षकाला त्यांच्यावर कुरघोडी करता येणार नाही. आमच्या महाविद्यालयात अॅथलेटिक ट्रेनर नाही. प्रथमोपचार पेटीची किल्ली माझ्याच खणात असते. म्हणूनच केंद्राने अहवाल महाविद्यालयाच्या नावे न देता खेळाडूच्या नावे दिला, ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो कागद मी माझ्या फाइलला लावून विसरू शकलो नसतो.

दुसऱ्या प्रश्नाविषयी माझा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. चाचणीचे दालन जेमतेम सहा-सात मीटर लांब असून खाली रबराची गादी आहे. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते आणि आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत ते उघड्यावर, सिमेंटचे असते. फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे वेगवान हल्ल्यात, पूर्ण वेगाने येऊन अचानक थांबणे, पिव्होट घेणे म्हणजे एक पाय रोवून वळणे, समोरच्या खेळाडूचा खांदा लागत असताना लेअप मारून, म्हणजे बास्केटजवळ उडी घेऊन चेंडू टाकून, उतरणे, यांपैकी काहीच तेथे तपासले जात नाही. सर्व मोजमापे ताज्या पायांवर होतात. दहा-दहा मिनिटांचे तीन भाग खेळून थकलेली मुलगी चौथ्या भागात कशी उतरते, हे आकड्यांत येत नाही. आणखी एक उणीव म्हणजे सर्व तुलना चांगल्या पायाशी होते. सहा-सात महिने सराव बंद असताना चांगला पायही उतरणीला लागलेला असतो, त्यामुळे टक्केवारी प्रत्यक्षापेक्षा बरी दिसू शकते. हंगामाच्या सुरुवातीलाच, कोणाला काही झालेले नसताना, पूर्ण संघाची मोजणी करून ठेवता येईल का आणि त्याला सवलत मिळेल का, असे मी दोनदा ई-मेलने विचारले. उत्तर आले नाही.

सप्टेंबरमध्ये ती खेळली नाही. उपांत्य सामना आम्ही सहा गुणांनी हरलो. ती असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला आजही सतावतो; खोटे कशाला बोलू? त्या तीन महिन्यांत तिने केंद्राने लिहून दिलेला ताकदीचा कार्यक्रम महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत आठवड्यातून तीनदा केला. कार्यक्रम नीट आखलेला होता, वजने प्रत्येक पंधरवड्याला कशी वाढवायची हेही त्यात होते, आणि शंका विचारली की व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी उत्तर येई. ई-मेलचा अनुभव पाहता हे मला कोडेच आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस, साडेदहा महिन्यांनी, फेरचाचणी झाली. उजवा पाय १५८, डावा १४४, म्हणजे ९१ टक्के. उडीत १४७ आणि १४१ सेंटिमीटर, आणि या वेळी चित्रणात दोन्ही गुडघे सारखे वाकत होते. प्रश्नावलीचा गुणांक ७८ आला. या वेळी मी सांगण्याआधीच उठून बाहेर गेलो.

परवानगी मिळाली, पण अहवालात ती ‘अनुमती आहे’ अशा एका चौकटीतील बरोबरच्या खुणेपुरतीच होती. सरावात परतणे, सामन्यात परतणे आणि पूर्वीच्या दर्जाने खेळणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, असे या क्षेत्रातील जाणकार मानतात. त्यांतील अंतर किती ठेवावे, पहिल्या सामन्यात किती मिनिटे द्यावीत, याविषयी एक ओळही नव्हती. तो आराखडा मीच केला. पहिला आठवडा कोणाचाही धक्का न लागणारा सराव, मग अर्ध्या मैदानावर तीन विरुद्ध तीन, मग पूर्ण मैदान. डिसेंबरच्या शेवटी एका खुल्या स्पर्धेत ती सहा मिनिटे खेळली. पहिला रिबाउंड तिने दोन्ही पायांवर, गुडघे चांगले वाकवून, जरा जास्तच सावकाश उतरून घेतला आणि तेवढ्यात समोरच्या मुलीने तिच्या हातून चेंडू काढून घेतला. बाकावरच्या आमच्या मुली ओरडल्या. मी पहिल्यांदाच अशा चुकीवर काही बोललो नाही.

एकंदरीत पाचपैकी चार तारे. एक तारा मराठी सारांश नसल्याबद्दल आणि मैदानावरची चाचणी नसल्याबद्दल कापला आहे. घोटा मुरगळणे किंवा बोट दुखावणे यांसारख्या दुखापतींसाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूने मात्र ‘फिट’ प्रमाणपत्र हातात असले तरी येथे जावे. वेळ किमान दोन आठवडे आधी घ्यावी, शनिवारी जाऊ नये, शस्त्रक्रियेचे कागद आणि नेहमी खेळताना घालतात तेच बूट सोबत न्यावेत, आणि लिफ्ट चालू आहे का ते आधी फोन करून विचारावे. प्रशिक्षकाला बरोबर नेलेच, तर त्याला चपलांच्या मांडणीशेजारी बसवावे. तेथे बाकडे आहे.